जागा

आईला फोनवर म्हटलं, "मी बॅन्जो शिकतेय."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "बेंजो? गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो? एवढं लांब जाऊन हे शिकतीयस?"

तिची काही चूक नव्हती. आपल्याकडे बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली ती लांबट पेटी. तिचं खरं नाव बुलबुलतरंग आणि माहेर जपान. १९१२ मध्ये नागोयात तयार झालेल्या तैशोगोतोची ती धाकटी बहीण. हातगाडीवर कर्णे, त्यांना जोडलेला बेंजो, मागे ढोल-ताशे आणि पुढे नाचणारी पोरं. मिरजेच्या मिरवणुकीत मी स्वतः त्यापुढे नाचलेली आहे, त्यामुळे त्या वाद्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण मी शिकतेय तो बॅन्जो निराळा. "डफाला सतारीसारखी दांडी लावलीय असं समज," मी म्हटलं. "पाच तारा. उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून वाजवायचा."

"आणि गातं कोण?"

"दुसरं कोणीतरी."

"मग तू साथीला," असं म्हणून आईनं विषय बदलला. तिला जे पहिल्या मिनिटात कळलं ते मला कळायला दीड वर्ष लागलं.

मी नॉर्थ कॅरोलिनात राहते, रॉलीजवळ. मराठी माणसांची इथे कमी नाही. गणपती, फराळ, ढोल पथक सगळं साग्रसंगीत होतं. ब्लूग्रासचा, म्हणजे बॅन्जो, गिटार, मॅन्डोलिनवरच्या इथल्या डोंगरी गाण्याबजावण्याचा विषय मात्र आमच्या गप्पांत कधी निघत नाही. हे जरा नवलच, कारण तीन बोटांनी बॅन्जो वाजवायची पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते तो अर्ल स्क्रग्ज याच राज्यातला. १९२४ साली शेल्बी गावाजवळच्या फ्लिंट हिल वस्तीत जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा, पुढे शेल्बीच्याच सूतगिरणीत कामाला. ब्लूग्रासचा मोठा वार्षिक मेळा २०१३ ते २०२४ रॉलीतच भरायचा, आता तो टेनेसीतल्या चॅटनूगाला गेला. मुख्य रस्ता बंद करून मंच उभारलेले असायचे. एका वर्षी आम्ही मुलीला घेऊन नुसते हिंडायला म्हणून गेलो होतो. मंचावर कोण होतं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एका हॉटेलच्या लॉबीत, लिफ्टच्या शेजारी, सहा-सात जण गोल करून वाजवत उभे होते. माइक नाही, वही नाही, ढोलकं नाही. तरी ठेका असा, की लिफ्टची वाट बघणारी माणसं नकळत टाचा आपटत होती. मी लिफ्ट तीनदा सोडली. नवरा मुलीला घेऊन वर जाऊन खाली आला तरी मी तिथेच.

ऑफिसातला एक जण बदली होऊन निघाला होता. त्याच्याकडून जुना बॅन्जो घेतला. वजन पाच किलोच्या आसपास, त्यातलं निम्मं आत दडलेल्या काशाच्या कड्याचं असावं असं उचलताना वाटतं. आवाज तर विचारू नका. पहिल्याच रविवारी नवऱ्याने कपाटातून जुना पंचा काढून दिला. तो वाद्याच्या पाठीमागून, पुढच्या ताणलेल्या पुडीला टेकेल असा कोंबला की आवाज निम्म्यावर येतो. पुढे कळलं की हा उपाय सगळेच करतात, फक्त इथे पंच्याऐवजी मोजे वापरतात.

पहिले आठ महिने गॅरेजवरच्या खोलीत मी आणि पंचा. सुरुवातीला सगळे शिकतात ते 'क्रिपल क्रीक' मीही शिकले. उजव्या हाताचा सगळा खेळ 'रोल'चा. आठ बारक्या मात्रा, त्यात अंगठा, तर्जनी, मधलं बोट आळीपाळीने फिरत राहतात. आठ म्हटल्यावर माझ्या डोक्यात केरवा ताल सुरू झाला, चार आणि चार. पण पुढे जाणारा रोल बसतो तीन-तीन-दोन असा. तीन बोटं, मात्रा आठ, म्हणजे शेवटी दोनवर कापावंच लागतं, आणि त्या कापण्यातच सगळी गंमत आहे. केरव्याच्या सवयीने माझा हात चौथ्या मात्रेवर अडखळायचा. महिनाभर अडखळला. मग एक दिवस भांडी घासताना बोटं आपोआप तीन-तीन-दोन करायला लागली आणि मला वाटलं, आलं.

इतके स्वर कशाला, हे मला आधी कळत नव्हतं. कारण साधं आहे. बॅन्जोचा स्वर टिकत नाही. फिडलवाल्याने, म्हणजे व्हायोलिनवाल्याने, गज ओढला की सूर हवा तेवढा लांबतो. बॅन्जोची तार छेडली की पुडीवरून टणकन उडते आणि विझते. म्हणून एक विझायच्या आत दुसरा, दुसरा विझायच्या आत तिसरा. विझणाऱ्या निखाऱ्यांवर फुंकर घालत बसावं तसं. आणि या सवयीचा तोटा असा, की आपलं वाद्य थांबलं की सगळं थांबलं अशी बॅन्जोवाल्याची प्रामाणिक समजूत होऊन बसते.

ही समजूत घेऊन मी एका मंगळवारी पहिल्यांदा जॅमला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या बैठकीला गेले. वाद्यदुरुस्तीच्या दुकानामागची खोली, घडीच्या बारा खुर्च्या. पद्धत अशी: ज्याची पाळी त्याने गाणं सांगायचं, पट्टी सांगायची, गायचं. मध्ये मध्ये एकेका वाद्याला मान हलवून सोलो द्यायचा, त्याला इथे 'ब्रेक' म्हणतात. गाणाऱ्याने पाय वर उचलला की गाणं संपलं. गिटार घेतलेल्या, सत्तरीच्या पुढच्या एक बाई म्हणाल्या, "बी." मी घाईघाईने चौथ्या पडद्यावर कॅपो लावला, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चाप. बॅन्जोची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्यातच, पाचव्या पडद्यापाशी. तिला कॅपो पोचत नाही. म्हणून दांडीत बारीक खिळे ठोकलेले असतात आणि त्यांत ती तार अडकवायची. हे खिळे खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचे. सांगितलं तर खोटं वाटेल, पण खरोखर तेच वापरतात. मी नवव्या पडद्यावरच्या खिळ्यात तार अडकवेपर्यंत बाई दुसऱ्या ओळीवर पोचल्या होत्या.

मग मी सुरू झाले. आठ महिन्यांत साठवलेले सगळे रोल ओतले. मात्रा चुकत नव्हती, कॉर्ड, म्हणजे एकदम वाजायच्या स्वरांचा जुडगा, चुकत नव्हता. खूष होऊन मी मान वर केली, तर शेजारचे मॅन्डोलिनवाले आजोबा माझ्याकडे झुकले होते. कडवं संपेपर्यंत ते थांबले आणि मग अगदी हळू, इथल्या जुन्या माणसांच्या त्या अदबशीर हेलात म्हणाले, "मॅम, कोणीतरी गातंय."

त्या रात्री घरी येताना मी गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही.

आजोबा कडू बोलले नव्हते. उलट पुढच्या मंगळवारी मी येते की नाही म्हणून दाराकडे बघत बसले होते, असं नंतर दुकानवाल्याकडून कळलं. त्यांनीच मला साथीची बाराखडी दाखवली. ब्लूग्रासच्या गोतात तालवाद्य नसतं. बास पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर, मॅन्डोलिन दुसऱ्या आणि चौथ्यावर, तारा दाबून लगेच सोडून, 'चक्'. तो 'चक्' म्हणजेच इथला तबला. आता मॅन्डोलिनवाला स्वतः सोलो वाजवायला लागला, तर 'चक्' कोण देणार? तेव्हा ते काम बॅन्जोने अंगावर घ्यायचं. त्याला 'व्हॅम्प' म्हणतात. रोल नाही, सूर नाही, काही नाही. डाव्या हाताने कॉर्ड धरायचा, उजव्याने चिमटा काढल्यासारख्या दोन-तीन तारा एकदम छेडायच्या, आणि लगेच डावी बोटं सैल. पडद्यावरून उचलायची मात्र नाहीत. उचलली की तारा मोकळ्या गुणगुणतात आणि 'चक्'चा 'चंग' होतो.

ऐकायला सोपं आहे. 'जी' नावाचा कॉर्ड वरच्या पडद्यांवर धरायचा तर चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत पडदे नऊ, सात, आठ, नऊ. तिथून 'सी' कॉर्डवर जायचं: दहा, नऊ, आठ, दहा. नीट बघा, दुसऱ्या तारेवर आठ आहे तिथेच आहे. मला वाटलं, वा, एक बोट तरी जागचं हलणार नाही. पण जी-मध्ये त्या आठव्या पडद्यावर मधलं बोट असतं आणि सी-मध्ये तिथे तर्जनी हवी असते. अनामिका आणि करंगळी आपापल्या तारांवरून एकेक पडदा पुढे सरकतात, आणि त्याच क्षणी तर्जनी-मधल्या बोटांनी घरं बदलायची. फुगडीत हात न सोडता जागा बदलाव्यात तसं. करंगळी पहिला महिना रडली. दुसऱ्या महिन्यात तिला घट्टा पडला आणि ती गप्प झाली.

व्हॅम्प जमायला लागला तसा कंटाळाही यायला लागला, खोटं कशाला बोलू. चक्, चक्, चक्. मंगळवारी दोन तास चक्. मग मी लिक गोळा करायला लागले. साथीचे लिक म्हणजे छोटे छोटे तुकडे. गाणारा ओळ संपवून श्वास घेतो, पुढची ओळ सुरू व्हायच्या आत मध्ये थोडं रिकामं असतं, तिथे टाकायचे. एक वही केली. एका पानाला एक लिक, वर तारखेसह. मुलीने ती वही बघितली आणि 'लिक' या शब्दावर हसून हसून लोळली. पानं भरत गेली. तेवीस झाले तेव्हा मी श्रीमंत झाल्यासारखी हिंडत होते.

त्यातला पहिला सगळ्यात साधा आणि मला अजून सगळ्यात आवडणारा. तिसरी तार, दुसऱ्या पडद्यावरून घसरत तिसऱ्यावर जायचं आणि लगेच दुसरी तार मोकळी वाजवायची. बस. रोलमध्ये बसवला की आणखी चार-पाच स्वर मागून येतात, पण जीव एवढ्यातच आहे. एकदा हे करताना मी सहज तोंडाने सरगम म्हटली आणि थबकले. बॅन्जो मोकळा लावलेला असतो तो सा-ग-प मध्ये: चौथी तार खालचा प, तिसरी सा, दुसरी ग, पहिली प, आणि आखूड पाचवी वरचा सा. म्हणजे या लिकमध्ये मी रेवरून घसरत कोमल गंधारावर येत होते आणि त्याला चिकटून लगेच शुद्ध गंधार. कोमलच्या खांद्यावर पाय देऊन शुद्ध. आत्या असती तर तिने हाताने थांबवलं असतं. "दोन्ही गंधार असे एकापुढे एक? जोग रागात निदान चढताना शुद्ध नि उतरताना कोमल, काही रीत असते." इथे रीत हीच, की तो कोमल कधी पूर्ण पोचतच नाही. आंबट-गोड लोणच्यासारखा मधेच राहतो. दक्षिणेकडच्या काळ्या गायकांच्या ब्लूजमधून तो इकडे आला.

आत्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या आत्याचं नाव मिरजेबाहेर कुणाला माहीत नव्हतं, पण गुरुवारी संध्याकाळी तिच्याकडे बैठक व्हायची. मी बारा वर्षांची, मागे तंबोऱ्यावर. तंबोरा आमच्याच गावचा. आता २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा इथल्या मंडळींना मी फार ऐटीत सांगितलं, पण लहानपणी ते प्रकरण मला नकोसं व्हायचं. प, सा, सा, सा. प, सा, सा, सा. विलंबित सुरू झालं की डोळे मिटायचे. एकदा खरंच झोप लागली, बोट खर्जावर आलंच नाही. आत्याने गाणं न थांबवता, मागे न वळता, हात मागे नेऊन माझ्या पायाच्या अंगठ्याला असा चिमटा काढला, की पुढचे चार आवर्तनं मी टक्क जागी.

पेटीवर एक काका असायचे. हात फार तयार. आत्या मुखड्यावर येऊन जरा थांबली की काका त्या रिकाम्यात काहीतरी सुंदर वाजवायचे, लोक "वा" म्हणायचे, काकांची मान डोलायची. एका गुरुवारी बैठक संपल्यावर, चहा देता देता आत्या म्हणाली, "काका, एक जागा तरी माझी मला घेऊ द्या की."

तेव्हा मी हे नुसतं ऐकलं होतं. आपल्या भाषेत गाण्यातली 'जागा' म्हणजे ती देखणी हरकत, जिच्यावर ऐकणारा हळहळतो. "काय जागा घेतली!" आणि जागा म्हणजे रिकामं स्थळही, बसायला थोडी जागा द्या म्हणतो तसं. दोन्हींना एकच शब्द. लिक म्हणजे पहिली जागा. ती ठेवायची दुसऱ्या जागेत. माझ्या वहीत पहिल्या प्रकारच्या तेवीस होत्या आणि दुसऱ्या प्रकारची एकही नव्हती.

कारण लाजिरवाणं होतं. मला गाण्यांचे शब्दच कळत नव्हते. अठरा वर्षं या देशात काढली, मीटिंगा घेते, टॅक्स भरते, पण डोंगराळ कॅरोलिनातला तो नाकातला, लांबवलेला हेल गाण्यात आला की मला फक्त सूर ऐकू यायचा. ओळ कुठे संपणार ते मी मात्रा मोजून ओळखत होते. पण गाणारी माणसं मात्रा मोजून श्वास घेत नाहीत. त्या गिटारवाल्या बाई तर मुळीच नाहीत. आईच्या थडग्याबद्दलची ओळ आली की त्या अर्धी मात्रा रेंगाळतात, आणि माझा लिक तोवर टपकन येऊन पडलेला असायचा, जेवणाऱ्याचा घास तोंडात असताना पुढचं वाढल्यासारखा.

मग मी लिकची वही बंद केली आणि शब्द लिहून काढायला लागले. ऑफिसला जाता-येता गाडीत तीच गाणी. हळूहळू कळायला लागलं, की यातली अर्धीअधिक गाणी घर सोडून गेलेल्यांची आहेत. डोंगरातली खोपटी, दिवा लावून वाट बघणारी आई, गिरणीच्या गावाला घेऊन जाणारी आगगाडी, परत जायला उशीर झालेला मुलगा. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत माहेर असतं तसं यांच्यात ते 'घर' असतं. खुद्द या संगीताला नाव मिळालं तेही घरावरूनच. या संगीताचा जनक मानला जाणारा बिल मन्रो केंटकीचा, त्या राज्याचं टोपणनाव ब्लूग्रास, म्हणून त्याच्या ताफ्याचं नाव ब्लू ग्रास बॉइज, आणि त्यावरून सगळ्या प्रकाराचं. डिसेंबर १९४५ मध्ये एकवीस वर्षांचा स्क्रग्ज त्या ताफ्यात आला. १९४८ मध्ये तो आणि गाणारा लेस्टर फ्लॅट बाहेर पडले आणि त्यांनी आपला ताफा काढला. त्या दोघांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना मी आधी फक्त सोलो ऐकायचे. तिथे स्क्रग्जची बोटं म्हणजे पत्र्यावरचा पाऊस. आता फ्लॅट गात असताना मागे काय चाललंय ते ऐकायला लागले. संथ गाण्यात तो वरच्या पडद्यांवर जातो, दोन स्वर टाकतो, थांबतो. फ्लॅट शब्द संपवतो. मग बॅन्जो बोलतो, आणि पुढचा शब्द यायच्या आत दार लोटून बाहेर. त्या काळी सगळा ताफा एकाच माइकभोवती उभा राहायचा. सोलोवाल्याने पुढे यायचं, झालं की मागे सरायचं. मोठा-लहान आवाज पायांनी ठरायचा. साथ म्हणजे अक्षरशः मागे सरणं.

गेल्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली. तिने बॅन्जो हातात घेतला, उलटा केला, पाठीला टकटक केलं आणि विचारलं, "भोपळा कुठाय?"

मिरजेच्या बाईलाच सुचावा असा प्रश्न. आणि गंमत म्हणजे तो बरोबर होता. बॅन्जोला भोपळा होता. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी इथे आणि कॅरिबियन बेटांवर जी वाद्यं केली ती भोपळ्याची, वर कातडं ताणलेलं, आणि अंगठ्याने वाजवायची एक आखूड तार असलेली. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं आकोंटिंग आजही तसंच आहे. पुढे गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून तमाशे केले, त्यांत हे वाद्य उचललं, भोपळ्याची जागा लाकडी कड्याने घेतली, आणि शेवटी लोकांना वाटायला लागलं की बॅन्जो गोऱ्या डोंगरी माणसांचाच. आमच्यापासून तासाभराच्या आतल्या मेबेन गावात जो थॉम्प्सन नावाचे काळे फिडलवादक राहायचे, २०१२ मध्ये वारले. त्यांच्याकडे बसून गायिका रियानन गिडन्स आणि तिच्या सोबत्यांनी ती जुनी चाल उचलली. मी हे सगळं आईला सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि आखूड तार छेडली. "ही सतारीतली चिकारीच," म्हणाली. "नाव काय का असेना."

आई भजनी मंडळातली, तिचे टाळ तिच्याबरोबर आलेले. तिला मी स्क्रग्ज भावांची गोष्ट सांगितली. अर्ल आणि त्याचा भाऊ होरेस लहानपणी घरासमोर उभे राहून एक गाणं सुरू करायचे, मग एक डावीकडून, एक उजवीकडून, घराला वळसा घालत चालायचे. वाजवणं चालूच. घरामागे दोघं भेटले की बघायचं, ठोका जुळतोय का.

"चल," आई म्हणाली.

जूनची संध्याकाळ, गवतावर काजवे उडायला लागलेले. पायरीवर उभं राहून आम्ही लय ठरवली. तिचे टाळ, माझा व्हॅम्प, जी-सी-डी. ती गॅरेजकडून निघाली, मी स्वयंपाकघराच्या बाजूने. कोपरा वळले आणि टाळ ऐकू येईनासे झाले. चालताना वाजवायचं म्हणजे पाय एक म्हणतात, हात दुसरं. मागच्या अंगणात, एसीच्या खोक्यापाशी आम्ही समोरासमोर आलो तेव्हा माझा 'चक्' तिच्या टाळावरच पडत होता, तो पडायला हवा होता मधे. म्हणजे अर्ध्या ठोक्याने मी पुढे.

"पळालीस," आई म्हणाली.

"कुठे?"

"ते मला काय ठाऊक. मला ऐकू येत नव्हतं की. पण मी पळाले नाही, म्हणजे तूच."

दुसऱ्या फेरीतही तेच. तेव्हा मात्र मला जागा सापडली: एसीची घरघर सुरू होते तिथे. बाहेरचं काही ऐकू येईनासं झालं की मी घाबरते आणि घाबरले की वेग वाढतो. शेजारचे गृहस्थ कुत्रं फिरवत होते, त्यांनी थांबून विचारलं, हा काही धार्मिक विधी आहे का. आईने माझ्याकडे न बघता सांगितलं, "येस." तिसऱ्या फेरीत मी एसीपाशी मुद्दाम आईच्या डोक्यात चाललेलं भजन मनात म्हणत चालले. मागे भेटलो तेव्हा टाळ, चक्, टाळ, चक्. आई थांबलीच नाही, तशीच मला ओलांडून पुढे गेली, म्हणून मलाही जावं लागलं. अंधार पडेपर्यंत आम्ही घराभोवती फिरत होतो.

सप्टेंबरात आईला घेऊन एका मंगळवारी जॅमला गेले. तिला भिंतीकडची खुर्ची दिली. फिडलवाले त्या दिवशी आले नव्हते, म्हणजे कडव्यांमधलं रिकामं भरायला कोणीच नव्हतं. गिटारवाल्या बाईंनी बी सांगितलं. पहिलं कडवं मी नुसता व्हॅम्प धरला. दुसऱ्याच्या आधी बाईंनी माझ्याकडे बघून हनुवटी किंचित हलवली, म्हणजे हे तू भर.

गाणं पाठ होतं. बाई थडग्याच्या ओळीवर आल्या, रेंगाळल्या. मी थांबले. त्यांनी श्वास घेतला आणि मी तिसऱ्या तारेवरून घसरत त्या दोन गंधारांवर आले, आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या मधल्या बोटातली नखी सुटली. पत्र्याची ती नखी हवेत उडाली, दिव्यात चमकली आणि समोर बसलेल्या गिटारवाल्या तरुणाच्या गिटारच्या भोकातून आत गेली. टिक्. आत कुठेतरी खुळखुळली. तो बिचारा वाजवायचं थांबून भोकात डोळा लावून बघायला लागला, त्याच्या शेजारचा हसायला लागला, मॅन्डोलिन सुटलं. मी अंगठा आणि तर्जनीने जे होतं तेवढ्यावर 'चक्' धरून राहिले. बास होताच.

बाई गातच होत्या. भिंतीकडून, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यांवर, कोणीतरी हळू टाळ्या द्यायला लागलं होतं. मी मागे वळून बघितलं नाही. तो तरुण आता गिटार उलटी धरून डोक्यावर हलवत होता, पण नखी काही पडेना.